मेक्सिकोची सरकी, विदर्भाची माती

नागपुरात रेल्वे स्थानकाजवळच्या एका भागाला कॉटन मार्केट म्हणतात. मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव मिळाले आहे. पहाटे तेथे गाड्या रिकाम्या होतात त्या मात्र भाजीच्या. टोमॅटोची क्रेट्स, हिरव्या मिरचीची पोती, मक्याची कणसे, लाल भोपळे आणि हंगामात पेरूंच्या टोपल्या. कापसाचे बोंडही तेथे आता दृष्टीस पडत नाही. नाव तेवढे उरले आहे. गंमत अशी की, या बाजारातल्या वर सांगितलेल्या पाचही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. पाचशे वर्षांपूर्वी त्यांपैकी एकही नागपूरच्या मुलखाला ठाऊक नव्हती.  आणि ज्या कापसामुळे या बाजाराला नाव मिळाले, तोही आज विदर्भातील बहुतेक शेतांत अमेरिकन जातीचाच आहे.

कापूस हे आपलेच पीक, ही समजूत सर्वसाधारण आहे आणि ती चुकीचीही नाही. मात्र विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या पिकलेला कापूस आणि आज वर्धा मार्गावरून जाताना दिसणारी पऱ्हाटी, या दोन वेगळ्या जाती आहेत. वनस्पतिशास्त्रात पहिलीला गॉसिपियम आर्बोरियम आणि दुसरीला गॉसिपियम हिर्सुटम म्हणतात. पहिलीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, तर दुसरीच्या पेशीत ५२. दोघींचा संकर केला तर ३९ गुणसूत्रांचे झाड उभे राहते, आणि ते प्रायः वांझ निघते. दोन्हींची रुई गाठीत एकत्र बांधता येते, व्यापारात ती बांधलीही गेली. वंश मात्र असा सहज एकत्र होत नाही.

ही दुसरी जात आली कोठून, याचा शोध घेताना एकट्या इतिहासाचे किंवा एकट्या शेतीशास्त्राचे भागत नाही. उत्खननशास्त्र, पेशीविज्ञान, वस्त्रतंत्र, समुद्रप्रवाहांचा अभ्यास आणि स्पेनच्या साम्राज्याची दप्तरे अशा सगळ्यांना त्यासाठी एका पंगतीस बसावे लागले.

आरंभ उत्खननापासून करावा. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला कापडाचा तुकडा सापडला. तो मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. ही प्रयोगशाळा १९२४ साली कापूस व्यापाराच्या सोयीसाठी, रुईची प्रत शास्त्रीय रीतीने ठरवण्यासाठी स्थापन झाली होती. तेथील टर्नर आणि गुलाटी या संशोधकांनी १९२८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या उपकरणांनी बाजारातील गाठींचे तंतू मोजले जात, त्याच विद्येने साडेचार हजार वर्षांपूर्वीचा धागा कापसाचा असल्याचे सांगितले. पुढे बलुचिस्तानातील मेहरगढ येथे एका दफनात तांब्याच्या मण्यात ओवलेला धागा मिळाला. धातूच्या क्षारांनी तो जणू दगडी करून टिकवला होता. फ्रेंच संशोधकांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि २००२ साली जाहीर केले की, हा कापूस इसवी सनापूर्वी सुमारे सहा हजार वर्षांच्या काळातला आहे.

असेच जुने धागे पेरूच्या किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या तेहुआकान खोऱ्यातील गुहांतही मिळाले. दोन खंडांमध्ये अथांग समुद्र आणि दोन्हीकडे सूत काढणारी माणसे! मग एकाने दुसऱ्याला शिकवले काय? या प्रश्नाने विद्वानांना बराच काळ छळले. पेशींचा अभ्यास झाल्यावर तर गुंता अधिकच वाढला, कारण अमेरिकन कापसाच्या ५२ गुणसूत्रांपैकी निम्मी अमेरिकेतल्याच रानकापसाशी जुळत होती आणि उरलेली निम्मी आशिया-आफ्रिकेतल्या कापसाशी. जुन्या जगाचा कापूस नव्या जगात गेल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. कोणी प्राचीन नाविक सरकी घेऊन गेले असावेत, असा तर्क काहींनी मांडला. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत १९३३ ते १९३७ या काळात काम केलेले जे. बी. हचिन्सन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४७ साली कापसाच्या उत्क्रांतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही या प्रश्नाचा ऊहापोह आहे. उत्तर मिळाले ते फार पुढे, डीएनएच्या अभ्यासातून. हा संकर दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा होडी नव्हती आणि ती वल्हवणारा माणूसही नव्हता. रानकापसाची सरकी खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ राहूनही रुजू शकते, हे प्रयोगांनी दिसले आहे. त्यामुळे कधी काळी लाटांवर तरंगत एखादे बी पलीकडच्या किनाऱ्याला लागले असावे, असे आता मानले जाते. परका म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या अमेरिकन कापसाचे अर्धे गोत्र असे आपल्या बाजूचेच आहे.

युकातानच्या किनाऱ्याकडे या जातीची लागवड प्रथम झाली असावी, असे आनुवंशिक अभ्यास सांगतो. तिथपासून स्पेनचा इतिहास सुरू होतो. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, तेथील लोक पोपट आणि सुताचे गुंडे घेऊन देवघेवीसाठी त्याच्याकडे आले, ही नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. तो स्वतःला हिंदुस्थानच्या दारात पोहोचलेला समजत होता. १५१९ साली कोर्तेसचे सैनिक मेक्सिकोवर चालून गेले तेव्हा लोखंडी चिलखतांच्या जोडीला कापूस भरून शिवलेली जाड अंगरखी त्यांनी वापरली. बाण अडवण्याची ती तिथलीच युक्ती होती. अझ्टेक राजाला प्रांतोप्रांतीहून सुती वस्त्रे खंडणी म्हणून येत. सोळाव्या शतकात तयार झालेल्या आणि आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या कोडेक्स मेंदोसा या चित्रग्रंथात कोणत्या गावाने किती वस्त्रे द्यावीत याचा हिशेब चित्रांनी मांडला आहे. एका परीने ती राज्याची वहीच. स्पॅनिश लोकांनी राजा हटवला, पण खंडणीची पद्धत बरीचशी तशीच ठेवली. युकातानच्या माया स्त्रियांना नव्या धन्यासाठी मागावर बसावे लागले. दिवसभर विणलेल्या कापडाचा मोबदला काय आणि कसा ठरे, हे वाचताना मन विषण्ण होते. उचल देऊन माल बांधून घेण्याची रीत तिथेही होती, आणि ती देणारे स्वतः सरकारी अंमलदारच असत.

या साम्राज्याची कागदपत्रे आज स्पेनमधील सेव्हिल शहरात एका छताखाली आहेत. त्या छताचा इतिहास व्यापारी कुटुंबांना विशेष भावेल. सेव्हिलचे व्यापारी पूर्वी तेथील भव्य चर्चच्या पायऱ्यांवर आणि पाऊसपाणी असले की आत शिरूनही सौदे करीत. धर्माधिकाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा राजा दुसरा फिलिप याच्या काळात व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. पुढे व्यापार ओसरला आणि १७८५ साली तिसऱ्या चार्ल्सच्या आज्ञेवरून त्याच इमारतीत इंडीजचे दप्तरखाने आणून ठेवण्यात आले. सुमारे ४३ हजार बासने आणि आठ कोटी पाने असा तो संग्रह सांगितला जातो. १९८७ साली युनेस्कोने या वास्तूला, शेजारच्या चर्च आणि राजवाड्यासह, जागतिक वारशात स्थान दिले. जहाजावर काय चढले, काय उतरले, कोणी किती कर चुकवला, असे रुक्ष कागद सांभाळणारी ही वास्तू आज पर्यटकांच्या रांगांचे ठिकाण आहे. जगभरचे अभ्यासकही तेथे येतात, आणि त्यांत केवळ इतिहासाचे लोक नसतात. जुने वादळ, जुना दुष्काळ, एखाद्या पिकाचा पहिला उल्लेख शोधणारे शास्त्रज्ञही त्या बासनांकडे वळतात.

अमेरिकेतला कापूस हिंदुस्थानात यायला वेळ लागला. अमेरिकेतली चांदी मात्र फार आधी आली. पोतोसी आणि झाकातेकासच्या खाणींतून निघालेल्या चांदीचे आठ रियालचे नाणे युरोपमार्गे सुरतेला उतरे, टांकसाळीत वितळे आणि त्याचा रुपया होई. ही चांदी येई प्रामुख्याने इथल्या कापडासाठी. सतराव्या शतकातील सुरतेचे जैन सावकार वीरजी वोरा यांच्या पेढीशी इंग्रज आणि डच कंपन्यांचा व्यवहार होता. कंपनीला कर्ज देण्याइतकी त्यांची ऐपत होती. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वोरांच्या घरालाही त्याची झळ लागली. तिकडे मनिलाहून आकापुल्कोला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांवर हिंदुस्थानी सुती कापड चढत होते. ज्या देशाने पुढे आपल्याला सरकी दिली, त्या देशात त्या काळी आपले कापड विकले जात होते.

मग उलटा प्रवाह सुरू झाला. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मानवला आणि तोच कापूस हिंदुस्थानात पिकावा असे कंपनी सरकारच्या मनाने घेतले. १८४० च्या सुमारास अमेरिकेतून दहा मळेवाले मुद्दाम आणले गेले. बहुतेक ठिकाणी त्यांचे प्रयोग फसले. धारवाडकडे काय ती थोडी मुळे धरली. विदर्भाच्या काळ्या जमिनीत हिंगणघाटची ‘बनी’ ही देशी जात टिकून होती आणि तिचा धागा देशी कापसांत नामांकित होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) तिकडचा पुरवठा खुंटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावच्या शाखामार्गाच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. हार्वर्डचे इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी कापसाचा जागतिक इतिहास सांगणारा जो ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात खामगावचे नाव मँचेस्टरच्या बरोबरीने येते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी, हे गणित जमशेटजी टाटांनी अचूक मांडले होते. गिरणीसाठी घेतलेली जागा मात्र पाणथळ होती. तीत भराव घालण्यासाठी पैसा द्यायला एका मारवाडी सावकाराने नकार दिला. सोने मातीत घालण्याचा हा उद्योग आहे, असे त्याचे मत पडले. गिरणी भरभराटीस आल्यावर त्यानेच कबुली दिली की, टाटांनी माती घातली आणि सोने काढले. ही आठवण टाटांच्या चरित्रात सांगितली जाते. गिरणी आता नाही. त्या जागेवर एम्प्रेस नावाचा मॉल उभा आहे आणि सरकत्या जिन्यावरून वर जाणाऱ्यांना खाली काय होते याची खूण फारशी पटत नाही. पेंच, ताडोबा, रामटेक पाहायला येणारा प्रवासी नागपुरात संत्र्याची बर्फी घेतो. शंभर वर्षे ज्या वस्तूवर शहर पोसले तिची ओळख करून घ्यायला त्याला वर्ध्याच्या मगन संग्रहालयापर्यंत जावे लागते. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेले ते संग्रहालय पाहण्यासारखे आहे.

बनी जात मात्र कोणा परक्या सरकीने एकदम हुसकावली नाही. तिचा घात आधी उताऱ्याने केला. देशी जातींतच ‘रोझियम’ नावाची एक आखूड, खरबरीत धाग्याची कपाशी होती. तिच्यात शंभर किलोंमागे रुई अधिक निघे. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्याने तिचा प्रसार केला. बनीच्या तलम धाग्याला जो जास्तीचा भाव मिळायला हवा होता तो बाजाराने दिला नाही. उलट हिंगणघाटच्या नावाखाली हलका माल खपवण्याची वाईट खोड जुनीच होती. मुंबई सरकारला १८६३ सालीच कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला होता. कास्तकाराने मग वजनाकडे पाहिले, आणि त्याला दोष कसा द्यावा? बियाणे शेतात पेरले जाते, पण त्याची निवड काट्यावर होते, हे विदर्भाने फार लवकर पाहिले. पुढे ‘बुरी’ या अमेरिकन वाणाचा जम बसला. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित वाण आला. व्यापारी प्रमाणावर लावलेला तो जगातील पहिला संकरित कापूस. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक कापूसक्षेत्र देशी वाणांखाली होते. आज ते नाममात्र आहे.

अमेरिकन कपाशीने दिले पुष्कळ. तिच्या लांब धाग्यावाचून आजच्या सूतगिरण्या चालणार नाहीत. मोठे बोंड वेचायला सोपे असते. देशीचे बोंड लहान, आणि उमलले की कापूस खाली गळतो. वेचणीला माणूस मिळत नसताना हा दोष लहान नव्हे. परंतु विदर्भातील कापूस बव्हंशी पावसावर अवलंबून आहे, आणि देशी झाडाचे सोटमूळ खोल जाते, तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना ते अधिक तोंड देते, खर्चही कमी मागते. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. देशी सरकी घरची ठेवता येते. बीटी वाणांनी काही वर्षे बोंडअळीला आवर घातला. नंतर गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ साली विदर्भाची पऱ्हाटी आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. देशी कपाशी लावली असती तर हे टळलेच असते असे म्हणता येत नाही. बोंडअळी देशीवरही येते. पण कमी दिवसांत निघणारे आणि कमी फवारे मागणारे पीक हाताशी असणे वेगळे, आणि एकाच प्रकारच्या झाडावर सारा मुलूख टांगणे वेगळे. मुंगीलाही पाय लागू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या घरांतून रुईचे सौदे झाले आहेत. त्या घरांनी हा प्रश्न केवळ कृषी खात्याचा समजू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

नागपुरात वर्धा मार्गाच्या बाजूला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिची स्थापना १९७६ ची. तेथील जनुकपेढीत कापसाचे हजारो नमुने जतन केलेले आहेत आणि रानकापसाच्या जातींची एक बागही आहे. ज्यांच्या दूरच्या पूर्वजांनी लाखो वर्षांपूर्वी समुद्रापार सोयरीक जुळवली, त्यांचे वंशज येथे एकाच आवारात भेटतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण तयार केले आहेत. पीए २५५ आणि पीए ०८ ही त्यांतील काही नावे. आखूड धाग्याची देशी रुई पाणी चटकन शोषते, म्हणून दवाखान्यातील कापसासाठी तिला मागणी असते. जळगावच्या केंद्रातून निघालेल्या एका देशी वाणाला फुले धन्वंतरी हे नाव त्यामुळेच शोभून दिसते. माटुंग्याच्या त्या जुन्या प्रयोगशाळेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. म्हणजे वाण आहेत, विद्या आहे, माणसे आहेत. अडते ते खरेदीच्या टोकाशी. देशी कापसाचा स्वतंत्र ढीग लावणारा, स्वतंत्र जिन करणारा आणि स्वतंत्र भाव देणारा खरेदीदार नसेल तर बी कितीही उत्तम असले तरी कास्तकार ते पेरत नाही. काही जिनिंगवाले आणि खादी संस्था अशी खरेदी करतात. त्यांची संख्या थोडी आहे.

संशोधकांना आणखी एक साधन हवे आहे आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. बनी कोणत्या वर्षी किती आली, रोझियमने तिला कोठे गाठले, अमेरिकन वाणाची पहिली गाडी कोणत्या गावाहून आली, भावात अंतर किती होते, हे सरकारी अहवालांत ढोबळपणे मिळते. वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ या विषयावर लक्ष्मण सत्या यांचा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला, बेकर्ट यांचा त्यानंतर. पण अशा लेखनाची मोठी शिदोरी इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद हीच राहिली आहे. व्यापाऱ्याची बाजू व्यापाऱ्याच्या वहीत असते. तिथी, गाव, मालाची प्रत, वजन, भाव, हुंडी, उचल, व्याज, धर्मादाय. १९७२ साली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर खासगी पेढ्यांच्या या नोंदी एकाएकी आटल्या; त्याआधीच्या वह्या इतवारीत, हिंगणघाटात, वर्ध्यात, अमरावतीत, खामगावात, कारंजात माळ्यांवर लाल कापडात बांधून पडल्या. मोडी किंवा महाजनी वाचणारे जाणते लोक अजून आहेत. त्यांतले बरेच सत्तरीपलीकडचे आहेत. वहीत कुणाच्या कर्जाची, कुणाच्या अडचणीची नोंद असते, ती परक्याला दाखवावी कशी, हा संकोच रास्त आहे. त्यावरही उपाय आहेत: नावे झाकून छायाचित्रे देता येतात, आणि वही मूळ घरीच राहू शकते.

सेव्हिलच्या व्यापाऱ्यांनाही आपले कागद कोणी दोनशे वर्षांनी उलगडील असे वाटले नसेल. नागपूरच्या जुन्या घरांतल्या पेट्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येतात. नव्या वहीचे पूजन व्हायला आठवडा असतो, आणि रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा असतो.